प्रक्षेपण पडदा

प्रक्षेपण पडदा : प्रक्षेपकाने टाकलेली प्रतिमा ज्यावर पाहतात तो पृष्ठभाग. पडदा प्रकाश निर्माण करीत नाही. मिळालेला प्रकाश तो केवळ प्रेक्षकांत वाटून देतो. एका दिशेचा वाटा वाढविला की, इतर दिशांचा कमी होतो. पडद्याच्या द्रव्यांचा इतिहास हा मुख्यतः ह्या वाटणीचा इतिहास होय.

प्रारंभी पांढरे कापड वापरीत. त्यावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व बाजूच्या प्रेक्षकालाही प्रतिमा जवळजवळ तेवढीच तेजस्वी दिसते. मात्र काही प्रकाश कापडातून पलीकडे जातो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ल्यूम्येअर बंधूंनी ह्या उणिवेचाच उपयोग केला. सु. २१ मी. रुंद व १६ मी. उंच पडदा पाण्याने भिजविल्यामुळे चित्रे त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसू शकली.

मूकपटांच्या काळात अधिक तेजस्वी प्रतिमेसाठी पडद्यास ॲल्युमिनियमयुक्त रंग देऊ लागले. ‘रुपेरी पडदा’ हा शब्दप्रयोग ह्यावरूनच आला. सूक्ष्म काचमण्यांचा लेप दिलेला पडदा बराचसा प्रकाश प्रक्षेपकाच्या दिशेने परत पाठवितो. अशा पडद्याची समोरून दिसणारी तेजस्विता मॅग्नेशियम कार्बोनेटासारख्या प्रमाणभूत पांढऱ्या पृष्ठभागाच्या तेजस्वितेच्या किती पट आहे, ह्यावरून त्याचा ‘लाभांक’ ठरवितात. लाभांक वाढला की, साधारणतः दर्शनकोन अरुंद होतो. बोलपटांच्या आगमनानंतर ध्वनिक्षेपक पडद्यामागे ठेवण्यासाठी त्यास बारीक छिद्रे पाडावी लागली. त्यांतून थोडा प्रकाश वाया जातो.

१९५३ मध्ये सिनेमास्कोप पद्धतीचा द रोब हा चित्रपट प्रदर्शित झाला. रुंद पडद्यावर तोच प्रकाश पसरून प्रतिमा मंद होऊ नये, म्हणून ह्या पद्धतीसाठी सूक्ष्म उठाव असलेला धातुलेपित पडदा तयार करण्यात आला होता. छतावर व भिंतींवर वाया जाणारा प्रकाश त्यायोगे आसनांकडे वळविता आला.

ध्रुवित प्रकाशावर आधारलेल्या त्रिमितीय चित्रपटांस धातुलेप आवश्यक असतो. साध्या पांढऱ्या पृष्ठभागावर ध्रुवण नष्ट होऊन दोन्ही डोळ्यांसाठीच्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात. २००५ नंतर अंकीय त्रिमितीय चित्रपटांबरोबर रुपेरी पडदे अनेक चित्रपटगृहांत परतले. परंतु त्यांवर साधा चित्रपट दाखविल्यास मध्यभाग उजळ व कडा मंद दिसतात आणि बाजूच्या आसनावरून हा दोष अधिक जाणवतो. पडद्यास वक्रता दिल्यास तो काहीसा कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून पडद्याची निवड करताना लाभांकाबरोबरच अगदी कडेच्या आसनावरील प्रेक्षकाला काय दिसते, हेही तपासणे आवश्यक ठरते.