परातीचा दोष नाही

सीलिॲक रोगाचं, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन बाधण्याच्या रोगाचं, निदान झालं, की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत एक समजूत हमखास ऐकू येते. गहू बंद म्हणजे ब्रेड बंद. ग्लूटेनविरहित ब्रेड घरी करणं आपल्या आवाक्यातलं नाही. तो पुण्या-मुंबईहून चढ्या भावानं मागवायचा.

ही समजूत निराधार नाही, हे आधीच मान्य करतो. गव्हाचं पीठ भिजवलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ताणलं जाणारं जाळं, म्हणजेच ग्लूटेन, तयार होतं. यीस्टमुळे सुटणारा वायू त्या जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. जाळंच नसेल तर वायू निसटणार, ब्रेड बसणार, सुरी लावताच भुगा होणार. खान्देशी माणसाला याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. दोन्ही हातांवर खेळवत वाढवलेला पुरणाचा मांडा न फाटता खापरावर पडतो, तो ग्लूटेनच्याच बळावर. ज्वारीचा तसा मांडा करून दाखवा, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

चूक पुढच्या पायरीवर होते. ग्लूटेन पीठ बांधतं हे खरं. पण म्हणून दुसरं काहीच पीठ बांधू शकत नाही, हे कसं सिद्ध झालं?

याच मुलखातली कळण्याची भाकरी पाहा. ज्वारीत उडीद मिसळून, मीठ घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. वांग्याच्या भरताबरोबर ती भाकरी खाणारे उडदाचं श्रेय चवीला देतात. ते अर्धंच खरं. भिजवून वाटलेल्या उडदात बोट घाला. बुळबुळीत, चिकट लगदा लागेल. हाच चिकटपणा इडलीच्या पिठात वायू धरून ठेवायला मदत करतो. इडलीत गव्हाचा कण नसतो, तरी ती फुगते. दुसरा आधार गरम पाण्याचा. कढत पाण्यानं ज्वारीतला स्टार्च फुलून चिकट होतो. म्हणून तर जाणती बाई ताजं दळण वापरते आणि पीठ विरी गेलेलं असलं की उकड काढते. भाकरी तव्यावर टाकून ती वरून पाण्याचा हात फिरवते, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटते, मग विस्तवावर शेकते. भाकरी टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. ही वाफ आत कोंडली कुणी? ग्लूटेननं नव्हे.

भाकरी सपाट, ब्रेड उंच. ही तुलनाच गैर, असा आक्षेप येईल. रास्त आक्षेप आहे, आणि त्याला उत्तरही आहे. एक वाटी उडदाची डाळ भिजवून वाटा, रात्रभर आंबू द्या. सकाळी तिच्यात दोन वाट्या ज्वारीचं ताजं पीठ, दोन मोठे चमचे इसबगोल, मीठ, थोडं तेल, यीस्ट आणि लागेल तसं कोमट पाणी घाला. मळायचं नाही, चमच्यानं ओतता येईल इतकं सैल ठेवायचं. तेल लावलेल्या डब्यात फुगू द्या आणि 180 अंशांवर पाऊण ते एक तास भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका, कारण स्टार्चची घडण गार होतानाच पक्की होते. भुगा झाल्याच्या पुष्कळ तक्रारी इथल्या घाईतून येतात. मैद्याच्या ब्रेडसारखा हलका तो होणार नाही. पण काप निघतात, भाजले जातात, डब्यात नेता येतात. यात महागडं काय आहे? इसबगोल तर शेजारच्या गुजरातेतलं पीक.

ज्वारी खरोखर सुरक्षित आहे का, ही शंका योग्यच. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष सीलिॲक रुग्णांवरही ज्वारीचे पदार्थ तपासले. ते रुग्णांना बाधले नाहीत. मात्र निदान पक्कं होईपर्यंत गहू सोडू नये. आधीच सोडला तर तपासणी फसवं उत्तर देऊ शकते.

मग अडचण कुठेच नाही का? आहे, आणि मोठी आहे. पण ती परातीत नसून गिरणीत आहे. आपल्याकडे ग्लूटेनविरहित म्हणून विकायच्या अन्नात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण आठ टक्के ग्लूटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळताच ही मर्यादा गाठली जाते. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नव्हे. ज्या जात्यातून नुकतेच दहा किलो गहू निघाले, त्याच जात्यात ज्वारी ओतली तर किती मिसळत असेल? वाचकांनीच हिशेब करावा. गव्हाचं पीठ मिसळलेला बाजारचा हिंग आणि पोळीची कणीक लागलेली परात यांचीही तीच गत.

शहरातल्या ब्रेडच्या पाकिटांचं समर्थन करणाऱ्यांची खरी बाजू ही आहे, आणि ती ते क्वचितच मांडतात. स्वतंत्र जागी दळून तपासलेलं पीठ ही त्या पाकिटाची खरी किंमत. फुगलेपणासाठी तेवढे पैसे मोजण्याचं कारण नाही. आणि ती शुद्धता घरीही साधते. धान्य निवडून धुऊन वाळवा, परात आणि तवा वेगळा ठेवा. वर्षभर पाकिटांवर जाणाऱ्या पैशांतून एक घरघंटी घ्या. तिच्यात गहू कधीही घालू नका, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही.