एका चौकटीत दोन चित्रे

१/ शहागंजच्या निजामकालीन घड्याळ मनोऱ्याजवळ एखादी सभा वा मिरवणूक असली, की तिचे थेट प्रक्षेपण आता सहज शक्य आहे. एक कॅमेरा व्यासपीठावर, दुसरा गर्दीवर आणि दोन्ही चित्रे 'ओबीएस स्टुडिओ'च्या एकाच चौकटीत. अडचण येते ती ही चित्रे बसवताना. मध्ये काळी रेघ राहते, वक्त्याचा खांदा कापला जातो, एक चित्र दुसऱ्यापेक्षा किंचित खाली उतरते. महाराष्ट्रात हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांचा आहे. त्याचा इतिहास या धाग्यात.

२/ आरंभ चित्रपटात नाही, छापखान्यात आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे त्यांनी रविवर्मा प्रेससाठी काम केले. तेथील रंगीत देवदेवतांच्या चित्रांत प्रत्येक रंगाचा शिळाछापाचा दगड वेगळा असे आणि तोच कागद क्रमाने प्रत्येक दगडाखाली जाई. कागद केसभर सरकला, तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरे. छापखान्यातील मंडळी याला 'रजिस्टर हलणे' म्हणतात. १९०९ साली फाळके रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीलाही जाऊन आले.

३/ फाळक्यांचे चरित्र सांगताना येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांना झालेल्या स्फुरणाची कथा हटकून सांगितली जाते. ती खरीच आहे. तरी आमच्या मते त्यांच्या पडद्यावरील चमत्कारांचे मूळ त्या प्रसंगापेक्षा या रंगांच्या दगडांत अधिक शोधावे. एकावर एक प्रतिमा अचूक बसवण्याची सवय त्यांच्या हाताला आधीच जडलेली होती.

४/ फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, प्रती काढण्याचे यंत्र व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी करून एप्रिलमध्ये परतले. यांतील तिसऱ्या यंत्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोरी फिल्म तेव्हा छिद्रांविना मिळे. ती अंधारात स्वतः पाडावी लागत. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर दर चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रे, हे प्रमाण १९०९ च्या पॅरिस परिषदेत मान्य झाले होते. कॅमेऱ्याचा आकडा याच छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढतो. म्हणजे चित्र चौकटीत कोठे बसणार, हे ठरवणारी ही छिद्रेच. त्यांतील अंतर चुकले, की पडद्यावर सगळे जग थरथरते.

५/ हिशेब करून पाहा. एका फुटात १६ चित्रे, म्हणजे प्रत्येक कडेला ६४ छिद्रे. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. त्याच्या एका प्रतीत दोन्ही कडा मिळून साडेचार लाखांहून अधिक छिद्रे होतात. दिवसा कंपनीच्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून हे काम शिकलेली आणि केलेली व्यक्ती म्हणजे सरस्वतीबाई फाळके. भारतीय चित्रपटातील पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव घ्यावयास हवे. ते क्वचितच घेतले जाते.

६/ भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी प्रथम 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. कुंडीत वाटाणा पेरून, ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपत त्यांनी रोपाची कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत आणली. त्या काळात कॅमेरा वा कुंडी बोटभर हलली असती, तर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते आणि कर्जाची आशाही मावळली असती. विम्याची पॉलिसी आधीच गहाण पडली होती.

७/ यापुढची पायरी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याची. भिंगासमोर काळा पडदा धरून चौकटीचा अर्धा भाग झाकावयाचा, उरलेल्या भागात चित्रण करावयाचे. मग हँडलचे फेरे मोजत फिल्म तेवढीच उलट गुंडाळावयाची, पडदा दुसऱ्या बाजूस लावावयाचा आणि पुन्हा चित्रण. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे जात. एक फेरा चुकला, की अर्धा सेकंद चुकला. दोन पडद्यांच्या कडा जुळल्या नाहीत, तर मध्ये काळी फट राहे किंवा दोन्ही चित्रे एकमेकांवर चढत. आणि हे सारे कळे ते फिल्म धुतल्यावर. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मध्ये कंसाला आपलेच मस्तक धडावेगळे होताना दिसते. त्या दृश्यामागे असाच मोजून-मापून केलेला उद्योग आहे.

८/ फाळक्यांचा कॅमेरा आल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१२ मध्ये, ह्यू बेली यांनी ओबीएसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. काळ्या पडद्याची जागा 'क्रॉप'ने घेतली आणि छिद्रांची जागा पिक्सेलच्या अंकांनी. वरचा डावा कोपरा शून्य. तेथून उजवीकडे आणि खाली मोजणी. माऊसने ओढून चित्र अंदाजे बसते. अचूक बसवावयाचे, तर सोर्सवर उजवी क्लिक करून 'ट्रान्सफॉर्म'मधील 'एडिट ट्रान्सफॉर्म' उघडावे आणि आकडे हाताने लिहावेत. बाणाच्या कळीने सोर्स एकेक पिक्सेल सरकतो.

९/ समजा, एक कॅमेरा घड्याळ मनोऱ्याकडे आणि दुसरा १७२० च्या सुमारास बांधलेल्या शहागंज मशिदीकडे रोखला आहे. चौकट १९२० × १०८०. दोन्ही चित्रे शेजारी हवीत आणि कडेला व मध्ये सारखे अंतर हवे. अंतर ४० धरले, तर प्रत्येक चित्राची रुंदी ९०० आणि १६:९ प्रमाणात उंची ५०६.२५ येते. हा पाव पिक्सेल कडा धूसर करतो. अंतर ६४ धरा. रुंदी ८६४, उंची ४८६, दोन्ही पूर्णांक. पहिले चित्र आडवे ६४ वर, दुसरे ९९२ वर आणि दोन्ही उभे २९७ वर. रुंदी ३२ ने भागली जाणारी निवडली, की उंची सम पूर्णांक येते आणि चित्र उभ्या मध्यावरही पूर्ण पिक्सेलवर बसते.

१०/ आणखी एक गोष्ट. कॅमेरा बदलला वा त्याचे रिझोल्यूशन बदलले, की जुळवलेली मांडणी ऐन कार्यक्रमात विस्कटते. त्यासाठी त्याच खिडकीतील 'बाउंडिंग बॉक्स' वापरून चित्राला ८६४ × ४८६ ची जागा नेमून द्यावी. मग आत कोणत्याही मापाचे चित्र आले, तरी ते त्या चौकोनाबाहेर जात नाही. 'पोझिशनल अलाइनमेंट' मात्र दोन्ही सोर्सना एकच, वरचा डावा कोपरा, असावी. एकाला मध्य आणि दुसऱ्याला कोपरा असल्यास सारखे आकडे लिहूनही चित्रे वेगळ्या जागी पडतात. नवशिके येथेच अडतात.

११/ फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अंश आज उरले आहेत, ते पी. के. नायर यांच्या खटपटीमुळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोहोचले. शंभर वर्षांत अशी फिल्म आक्रसते, छिद्रे फाटतात आणि चित्र डोलू लागते. जुन्या फिल्मचे डिजिटल स्कॅनिंग करताना संगणक प्रत्येक चित्र जागेवर आणतो, तेव्हा तो आधार घेतो त्या कडेच्या छिद्रांचाच.