स्वमग्न मुलांची शाळा : दोनशे वर्षांचा प्रवास

कोणत्याही बालवाडीत डोकावल्यास लाकडी फळीवरील खाचांत गोल, त्रिकोण, चौकोन बसविणारी लहान मुले दिसतात. पालक कौतुकाने पाहतात. हे साहित्य प्रथम कोणासाठी घडविले गेले, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. ‘यांना शिकविणे व्यर्थ आहे’ असा निर्वाळा मोठमोठ्या वैद्यांनी ज्यांच्याविषयी दिला होता, त्या मुलांसाठी झालेल्या प्रयत्नांतून ते जन्मास आले.

इ. स. १८०० च्या जानेवारी महिन्यात दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतात रानात एकटाच वाढलेला सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. तो बोलत नव्हता, कोणाकडे पाहत नव्हता, बसल्या जागी डुलत राही. त्यास पॅरिसला आणण्यात आले. मनोविकारांचे त्या काळचे श्रेष्ठ वैद्य फिलिप पिनेल यांनी तो असाध्य असल्याचा अभिप्राय दिला. मूकबधिरांच्या संस्थेतील तरुण डॉक्टर ज्याँ इतार यांना तो पटला नाही. त्यांनी मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले व पाच-सहा वर्षे त्यास शिकविले. रंगीत आकार, त्यांवरून अक्षरे, अक्षरांवरून शब्द, असा त्यांचा क्रम होता. व्हिक्टर काही शब्द ओळखू लागला. वाचा मात्र आली नाही. इतार निराश झाले.

परंतु त्यांच्याच अहवालात एक प्रसंग नोंदलेला आहे. व्हिक्टरचा सांभाळ करणाऱ्या गेरँ बाईंचे पती निवर्तले. त्या दिवशी व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्यांचेही पान मांडले. ते पाहून बाईंना रडू कोसळले. व्हिक्टरने ती थाळी उचलून कपाटात ठेवली आणि पुन्हा कधीही मांडली नाही. ज्याला भावना नाहीत असे म्हटले जाई, त्या मुलाची ही गोष्ट आहे. पुढे १८२८ साली मृत्यू येईपर्यंत तो या बाईंपाशीच राहिला. व्हिक्टर स्वमग्न असावा, असे आजच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे.

इतार यांचे कार्य त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी पुढे नेले. सेगँ यांनी मंदबुद्धी मुलांसाठी साहित्य व पद्धती तयार केल्या व पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले. १९०० च्या सुमारास रोम येथे डॉ. मारिया माँटेसरी यांनी या दोघांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरवून काढले व वेड्यांच्या इस्पितळातून आलेल्या मुलांना त्याच रीतीने शिकविले. त्यांपैकी काही मुले सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा सारे चकित झाले. माँटेसरीबाईंना वेगळाच प्रश्न पडला : मग आपल्या निरोगी मुलांना शाळांनी इतके मागे का ठेवले आहे? १९०७ साली त्यांनी पहिले बालगृह उघडले. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. आपल्या बालवाड्यांतील त्या फळ्यांचे मूळ असे आहे. उपकार कोणी कोणावर केले, याचा हिशेब वाटतो त्याच्या उलट निघतो.

‘ऑटिझम’ हे निदान मुलांच्या बाबतीत प्रथम स्पष्टपणे मांडले ते अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी, १९४३ साली. अकरा मुलांची वर्णने त्यांनी प्रसिद्ध केली. एकटेपणा, बदलाचा तिटकारा, ऐकलेल्या शब्दांची जशीच्या तशी पुनरुक्ती ही लक्षणे त्यांत आहेत. पुढे मात्र विपरीत घडले. मातेच्या मायेत कमतरता राहिल्याने मूल असे होते, हा विचार बळावला व ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने त्यास मोठी प्रसिद्धी मिळाली. हजारो माता स्वतःला अपराधी मानीत राहिल्या. हा आरोप पुढे पूर्णपणे खोटा ठरला.

आपल्याकडे हाच आरोप ‘पूर्वकर्म’ या शब्दाने केला जातो, आणि तोही बहुधा आईच्या समोर. घरातील दुसऱ्या मुलांच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून अशा मुलास पाहुण्यांपुढे आणले जात नाही, हेही समाजास अपरिचित नाही. वास्तविक जैन दर्शनानुसार ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे. ज्ञानावरणीय कर्म त्यावर आवरण घालते, त्याचा नाश करीत नाही. या सिद्धांताचा आधार घेऊन कोणाला बोल लावता येत नाही. शिकविण्यास मात्र घेता येतो.

आरोपाचे उत्तर पालकांनीच दिले. १९६२ मध्ये लंडनमध्ये काही पालक एकत्र आले व त्यांनी संस्था काढली. माँटेसरी पद्धतीचा पत्रद्वारा अभ्यासक्रम केलेल्या सिबिल एल्गर या शिक्षिका आपल्या घराच्या तळघरात अशा मुलांना शिकवीत होत्या. त्यांच्यासाठी १९६५ साली लंडनच्या ईलिंग भागात संस्थेने शाळा उघडली. १९७२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांच्या प्रयत्नांतून राज्यव्यापी शिक्षण योजना सुरू झाली व तिने पालकांना सहशिक्षकाचे स्थान दिले. या मुलांना कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक उमगते, हे ओळखून दिवसाचा क्रम चित्रांनी मांडण्यात आला : प्रथम मणी ओवणे, नंतर खाणे, नंतर झोका. काम झाले की चित्र काढून ठेवायचे. पुढे काय होणार हे दिसू लागले, की मुलाची भीती ओसरते. वरून हट्ट वाटणाऱ्या वर्तनामागे पुष्कळदा ही भीतीच असते.

भारतातही आरंभ पालकांचाच आहे. मुंबईत वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली मतिमंद मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच जय वकील शाळा होय. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ स्थापन केली. स्वमग्न मुलाच्या माता मेरी बरुआ यांनी दिल्लीत १९९१ साली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था व १९९४ मध्ये तिची शाळा उभी केली. कायदा बराच मागे होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती प्रथम मान्य केली आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले.

शाळेने प्रश्न संपत नाही. ‘आमच्या पश्चात काय?’ ही चिंता प्रत्येक आईवडिलांस असते. एल्गरबाईंनाही शाळेतील मुले मोठी होताना दिसली, म्हणूनच १९७४ मध्ये प्रौढांसाठी सॉमरसेट परगण्यात निवासी वसाहत झाली. आपल्याकडे मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. अनेक कुटुंबांना हे बँकेच्या खिडकीवर सहीचा प्रश्न आल्यावर कळते. न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्या अर्जास अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ज्या घरात मुलाचे नाव कोठेच लिहिले गेले नाही, तेथे सुरुवात त्या प्रमाणपत्रापासूनच करावी लागते.