उंदराच्या आजाराचे नाव

प्लेटलेट्स पडल्या की काय होते, हे डेंग्यूमुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाले आहे. त्या कारणाशिवाय वाढतच राहिल्या, तर डॉक्टर जनुकीय तपासणी लिहून देतात आणि अहवालात तीन नावे शोधतात : जेएके२, सीएएलआर, एमपीएल. यातले तिसरे नाव उंदराच्या विषाणूकडून आले आहे.

१९८६ मध्ये फ्रान्समध्ये फ्रांस्वाज वेन्डलिंग आणि सहकाऱ्यांनी हा विषाणू नोंदवला. त्याची लागण झालेल्या उंदरांची प्लीहा आणि यकृत सुजत, रक्तपेशींची वाढ हाताबाहेर जाई. म्हणून त्याला म्हटले मायलोप्रोलिफरेटिव्ह ल्युकेमिया व्हायरस. त्याची आद्याक्षरे म्हणजे एमपीएल. विषाणूने हा आजार आणला होता एका चोरलेल्या जनुकाच्या बळावर. ते जनुक उंदराच्याच पेशीतून उचललेले आणि तेही अर्धवट, हे १९९० मध्ये कळले. ते होते एका रिसेप्टरचे, म्हणजे पेशीच्या आवरणात रोवलेल्या आणि बाहेरचा निरोप आत पोचवणाऱ्या प्रथिनाचे. निरोप घेणारा बाहेरचा भाग जवळजवळ सगळा तुटलेला, त्यामुळे निरोप नसतानाही पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सुटत राही. १९९२ मध्ये माणसातले अख्खे जनुक सापडले. पण हा रिसेप्टर कोणाच्या निरोपाची वाट पाहतो, ते कोणालाच माहीत नव्हते. अशा रिसेप्टरला शास्त्रज्ञ अनाथ म्हणतात.

दुसरीकडे एक नाव पदार्थावाचून पडून होते. प्लेटलेट्स वाढवणारे काहीतरी रक्तात असणार, असे मानून हंगेरीच्या केलेमेन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्येच त्याला थ्रोम्बोपोएटिन म्हटले होते. पुढची पस्तीस वर्षे ते कोणाच्या हाती शुद्ध स्वरूपात लागले नाही.

दोन्ही टोके जुळली ती महापेशीमुळे. अस्थिमज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बारीक पेशींच्या गर्दीत मधेच एक अवाढव्य पेशी दिसते. तिचे केंद्रक एकात एक गुंतलेल्या पाळ्यांचे. हीच मेगाकॅरिओसाइट. ती आपल्या अंगाचे लांब धागे रक्तवाहिनीत सोडते आणि ते तुटून प्लेटलेट्स होतात, निरोगी माणसात रोज सुमारे दहा हजार कोटी. १९९३ मध्ये प्रयोगशाळेत मज्जेच्या पेशींमधले एमपीएल दाबून पाहिले, तेव्हा या महापेशींच्या वसाहती खुंटल्या, तांबड्या-पांढऱ्या पेशींच्या मात्र वाढत राहिल्या. अनाथाचे घर कोणते, हे त्या दिवशी कळले असे मी मानतो.

मग १९९४ मध्ये चार-पाच गटांनी जवळजवळ एकाच वेळी थ्रोम्बोपोएटिन पकडले. त्यातल्या एका गटाने किरणोत्साराने मज्जा निकामी केलेल्या डुकरांचे रक्तद्रव घेतले आणि एमपीएललाच गळ म्हणून वापरले. आजारी जनावर का निवडले, याचे उत्तर मला या सगळ्या कथेत सर्वांत सुंदर वाटते. यकृत हे संप्रेरक साधारण एकाच मापाने रांधते. प्लेटलेट्सच्या अंगावरही एमपीएल असते, त्या ते गिळून टाकतात. पंगतीला माणसे कमी आली की भात उरतो, तसे प्लेटलेट्स घटल्या की संप्रेरक उरते आणि मज्जेपर्यंत पोचते. मोजणारा, हिशेब ठेवणारा वेगळा कोणी लागतच नाही.

औषध बनवण्याचा पहिला प्रयत्न मात्र फसला. संप्रेरकाची कृत्रिम नक्कल टोचलेल्या काही निरोगी लोकांच्या शरीराने तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवली आणि ती त्यांच्या स्वतःच्या थ्रोम्बोपोएटिनवरही उलटली. १९९८ मध्ये ते काम थांबले.

आजाराचा धागाही पुढे आला. २००५ मध्ये जेएके२ मधला बिघाड सापडला. हे एंझाइम एमपीएलच्या आतल्या शेपटाला चिकटून असते, निरोप पुढे नेणारे तेच. २००६ मध्ये खुद्द एमपीएलमध्ये ५१५ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले. तेवढ्याने रिसेप्टर कायमचा चालू राहतो. २०१३ मध्ये सीएएलआर, म्हणजे कॅलरेटिक्युलिन आले. नव्या प्रथिनांच्या घड्या नीट बसवणारे हे प्रथिन बिघडले की एमपीएललाच बिलगते आणि त्याला जागे ठेवते. अहवालातली तिन्ही नावे अशी एकाच घरातली निघाली.

त्याच दाराने आता उपचारही आत जातात. २००८ मध्ये मान्यता मिळालेली दोन औषधे, रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रॉम्बोपॅग, एमपीएलला जागवतात, पण मूळ संप्रेरकासारखी दिसत नाहीत, म्हणून जुना घोटाळा टळतो. एल्ट्रॉम्बोपॅग गोळी आहे. दुधातले कॅल्शियम तिला धरून ठेवते आणि ती रक्तात नीट उतरत नाही. त्यामुळे दूध-दही घ्यायच्या निदान दोन तास आधी किंवा चार तासांनंतर ती घ्यावी लागते. सकाळच्या दुधाच्या चहाची वेळही मग तिच्याप्रमाणे बदलते.