जाताना एकेकटे, येताना दोघं : आनंदी-गोपाळ यांचा परतीचा प्रवास

आजचा भाग डॉ. आनंदीबाई जोशींवर आहे. आता तुम्ही म्हणाल, त्यांची गोष्ट आम्हाला पाठ आहे. बरोबर आहे. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ची, त्यावर नाटक झालं, २०१९ साली सिनेमा आला. पण एक गंमत बघा. आपण ही गोष्ट सांगतो ती जाण्याची. कलकत्त्याहून निघालेली अठरा वर्षांची मुलगी, फिलाडेल्फियाचं कॉलेज, ११ मार्च १८८६चा पदवीदान समारंभ. तिथे टाळ्या पडतात आणि मग आपण एकदम तिच्या मृत्यूवर येतो. मधला परतीचा प्रवास दोन ओळींत संपतो. आज आपण त्या दोन ओळींपाशी थोडं थांबणार आहोत.

आधी जाण्याबद्दल थोडक्यात. ७ एप्रिल १८८३ला आनंदीबाई बोटीत बसल्या, तेव्हा गोपाळराव बरोबर नव्हते. नवरा पोस्टातला कारकून, दोघांच्या खर्चाची ऐपत नाही, म्हणून ती मिशनरी बायकांच्या सोबतीनं पुढे गेली. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. तिथून जवळच न्यू जर्सीतल्या रोझेल गावात कार्पेंटर कुटुंबाकडे राहिली. थिओडिशिया कार्पेंटरबाईंशी तिचा आधीपासून पत्रव्यवहार होता, त्यांना ती मावशी म्हणायची. गोपाळराव मागाहून स्वतंत्रपणे निघाले आणि पूर्वेकडून, पॅसिफिकच्या बाजूनं अमेरिकेला पोहोचले. १८८५ साली नवरा-बायको तिथे भेटले.

म्हणजे दोन माणसं पृथ्वीच्या दोन बाजूंनी निघून एका ठिकाणी आली. आणि परत आली ती मात्र एकत्र, एकाच बोटीनं. हा त्यांचा समुद्रापलीकडचा पहिला आणि शेवटचा जोडीनं केलेला प्रवास.

आता इतिहासाच्या अभ्यासकाला इथे एक अडचण येते. या जोडप्याबद्दल आपल्याला जे कळतं, ते मुख्यतः पत्रांतून. आणि एकमेकांना पत्रं कधी लिहितात? लांब असताना! ती अमेरिकेत आणि ते हिंदुस्थानात, तेव्हा पत्रं भरभरून आहेत. ते तिच्या पेहरावावर शंका घेतात, टोमणे मारतात, ती उत्तरं देते. नऊवारी सोडून पाय नीट झाकले जातील अशा गुजराती पद्धतीनं लुगडं का नेसावं लागतं, हे तिला समजावून सांगावं लागतं. तिथली थंडी आठवा, म्हणजे त्या टोमण्यांचं वजन कळेल.

आणि एका पत्रात ती फार स्पष्ट लिहिते. लहानपणी आपण कसा मार खाल्ला, हे ती वर्षावर्षाच्या हिशेबानं मांडते. अंगावर फेकलेल्या वस्तू, लाकडाचे फटके, टाकून जाण्याच्या धमक्या. त्याच पत्रात हेही मान्य करते की मी शिकले ती तुमच्यामुळे. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचं मूल गमावलेली ही मुलगी. हे सगळं घरात, समोरासमोर बोलता आलं असतं का? मला तसं वाटत नाही. हजारो मैलांच्या अंतरानं तिला ती जागा दिली.

१८८५ला दोघं भेटले आणि नवरा-बायकोमधली पत्रं थांबली. साहजिकच आहे. पण त्याचा परिणाम असा की परतीच्या बोटीवर ती दोघं काय बोलली असतील, याचा कागद आपल्याकडे नाही. गोपाळरावांनी अमेरिकेत भाषणं देऊन तिथल्या समाजावर आणि मिशनऱ्यांवर सडकून टीका केली होती. ज्या लोकांनी बायकोला घरात ठेवून घेतलं, त्यांच्याच देशात! तिला ते कसं वाटलं, यावर त्या दोघांत कधी बोलणं झालं का, इथे आपण कल्पनेनं रिकामी जागा भरू नये, असं मला वाटतं. कादंबरीकार भरू शकतो, त्याला तो हक्क आहे.

जे नक्की माहीत आहे ते एवढं. पदवीनंतर ती अनुभवासाठी बॉस्टनच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलात गेली, पण प्रकृतीनं साथ दिली नाही. कोल्हापूर संस्थानानं तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती. म्हणजे परतणं हे नुसतं घरी जाणं नव्हतं, पुढे नोकरी होती. ऑक्टोबर १८८६मध्ये दोघं निघाले. अटलांटिक ओलांडून इंग्लंड, तिथून मुंबई. क्षयानं पोखरलेल्या शरीराला हा सव्वा महिन्याचा समुद्रप्रवास केवढा असेल!

नोव्हेंबरमध्ये मुंबईत त्यांचं कौतुकानं स्वागत झालं. जाण्याआधी श्रीरामपूरच्या भाषणात तिनं सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिनं ते पाळलं. समुद्र ओलांडला म्हणून वाळीत टाकण्याच्या त्या काळात हे स्वागत लहान गोष्ट नव्हती. चारच वर्षांनी, १८९० साली, याच पुण्यात पंचहौद मिशनमधल्या एका चहावरून रानडे-टिळकांवर ग्रामण्य आलं. तो चहा घडवून आणणारे आणि मग हजर असलेल्यांची नावं छापून आणणारे कोण? हेच गोपाळराव. माणूस कसा होता, याचा अंदाज येतो.

पण ते पाहायला ती नव्हती. कोल्हापूरचं काम सुरूच झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता. परत येऊन जेमतेम सव्वातीन महिने झाले होते.

मग प्रश्न उरतो की हा प्रवास फुकट गेला का? एकही रुग्ण इथे तिच्या हातून बरा झाला नाही, हे खरं. पण त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या, पुढे रखमाबाई शिकायला इंग्लंडला गेल्या. आनंदीबाई गेल्या-आल्या, जातीत राहिल्या, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलगी पाठवता येते आणि ती परत येते, हे कळायला कुणीतरी आधी परत यावं लागतं. म्हणून मला पदवीइतकंच परतणंही महत्त्वाचं वाटतं.

आणि गोपाळराव? त्यांना नुसता खलनायक ठरवणं सोपं आहे, नुसता सुधारक म्हणणंही. ज्या हातानं मारलं, त्याच हातानं अमेरिकेला पत्र लिहून शिक्षणाची वाट शोधली. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

शेवटची नोंद. तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आजही तिच्या नावाचा दगड आहे. ज्या समुद्रावरून ती नवऱ्याबरोबर आली, त्यावरून ती परत गेली, आणि या वेळी पुन्हा एकटीच.

तुमच्यापैकी कुणी तिथे जाऊन आलं असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.