माळ लेकराची, चूल घराची

श्रीपांडुरंगाच्या आणि ज्ञानोबा माऊलींच्या कृपेने आपल्या दिंडीला शंभर वर्षे पुरी झाली. ह्या स्मरणिकेत कोणी पहिल्या विणेकऱ्यावर लिहिले आहे, कोणी मुक्कामाच्या जागांवर, कोणी शिध्याच्या हिशोबावर. आमच्याकडे मंडळींनी माळकरी मुलांचा विषय दिला. ह्यातले थोडे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले, बाकीचे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेले.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. वारकरी म्हटला की शहरातल्या माणसाला वाटते, हा पिढीजात शाकाहारी घरातला. आपल्या दिंडीत तसे कधीच नव्हते. ज्या घरांनी दिंडी उभी केली ती कुणब्याची, माळ्याची, धनगराची, रामोशाची, कुंभाराची, न्हाव्याची. ह्या घरांत जत्रेला बोकड पडायचा, मरीआईला कोंबडे जायचे, नवस फेडायचा तर मटणाचेच जेवण. माळ एकाच्या गळ्यात आणि चूल सगळ्यांची एक, अशी ही घरे. कर्त्या माणसाने माळ घातली तर घर गुमान ऐकते, कारण कारभारी तोच असतो. पण आठ-दहा वर्षांचे लेकरू उठून म्हणाले, "मी आजपासून वशाट खाणार न्हाई," तर घराने काय करायचे? शंभर वर्षांत हा प्रश्न आपल्या दिंडीपुढे दरसाल येत गेला आहे.

माळेचा करार सगळ्यांना ठाऊक आहेच. तुळशीची एकशे आठ मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची, महाराजांनी ती गळ्यात घालायची, आणि घालणाऱ्याने कबूल व्हायचे की एकादशी करीन, पंढरीची वारी चुकवणार नाही, परस्त्री मातेसमान मानीन, मद्य-मांसाला शिवणार नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या पालखीला दिंड्यांची शिस्त लावली, त्या शिस्तीला आत धरून ठेवणारी गाठ ही माळच आहे. पुढे 1917 साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शेतकऱ्यांची पोरे शिकायला जाऊ लागली. माधुकरी मागायची, मिळेल ते खायचे आणि पाठ करायचे. सुट्टीला ही पोरे घरी आली की गावात पहिल्यांदा दिसले की पोरसुद्धा माळकरी असू शकते. त्याआधी माळ म्हणजे दाढी पांढरी झाल्यावर घालायची वस्तू, असाच समज होता. अजून काही गावांत आहे.

दिंडीच्या जुन्या मंडळींनी एक गोष्ट ओळखली होती, ती आम्हाला फार मोलाची वाटते. मूल माळ मागते त्याची कारणे वेगवेगळी असतात. एखादे आजोबांसारखे दिसावे म्हणून मागते. एखादे सप्ताहात कीर्तन ऐकून मागते. आणि एखादे मागते त्याला कीर्तनाची गरजच लागलेली नसते. त्याने चारा घालून, रानात हिंडवून वाढवलेले करडू जत्रेत पडलेले त्याने पाहिलेले असते. त्या रात्री ते जेवत नाही. घरचे म्हणतात, दोन दिवसांत विसरेल. काही विसरतात, काही विसरत नाहीत. आमचा अनुभव असा की करडाच्या दुःखातून आलेली माळ शेवटपर्यंत टिकते. कीर्तनातून आलेली निम्मी टिकते. हे कीर्तनकारानेच लिहावे म्हणजे जरा गंमत आहे, पण खरे आहे.

म्हणून दिंडीत रीत पडली की मुलाला मागितल्या दिवशी माळ घालायची नाही. "एक वरीस पोटानं पाळ, मग गळ्यात घाल," असे मोठे महाराज म्हणायचे. आषाढीला मागितली तर पुढच्या आषाढीपर्यंत नुसते पाळायचे, माळ नाही. मधे मन फिरले तर कोणी बोलायचे नाही, कारण करारच झालेला नाही, मोडला काय? पण घालून तोडली की पोराला जन्मभर खुपते. गावही त्याला सोडत नाही, "तोडकरी" म्हणून हाक मारते.

दुसरी रीत आईची. बापाने हो म्हटले, आजाने हो म्हटले, तरी आईला विचारल्यावाचून मुलाला माळ नाही. कारण भाकरी तिला थापायची आहे. एका घरात दोन कालवणे करायची, पळी वेगळी ठेवायची, तवा वेगळा ठेवायचा, हा सगळा भार तिच्यावर. पुरुष ओट्यावर बसून धर्म सांगतात, राबते बाई. ह्यातूनच तव्याची चाल निघाली. ज्या घरात एकटे मूल माळ घालेल त्या घराला दिंडीकडून एक लोखंडी तवा आणि एक लहान पातेले द्यायचे. खर्च थोडा, पण घरात त्याचे वजन पडते. सासू सुनेला म्हणू शकत नाही की पोराचे लाड कशाला. ते भांडे दिंडीचे असते.

खरी परीक्षा वारीहून परतल्यावर होते. हे कॅलेंडर बघितले की ध्यानात येईल. पौर्णिमेला गोपाळपूरला काला करून आपण माघारी फिरतो तो आषाढाचा वद्य पक्ष. गावात त्याच पंधरवड्यात आखाड चालू असतो. मंगळवारी, शुक्रवारी मरीआई, लक्ष्मीआई, आणि शेवटी दिव्याच्या अवसेआधी घरोघरी रस्सा. लेकरू वीस-बावीस दिवस माऊलींच्या पालखीत चालून येते आणि वेशीतून आत पाऊल टाकते तो नाकाला वास. वर म्हातारी म्हणते, "आईचा परसाद हाय, न्हाई म्हणशील तर आई कोपंल." मोठ्या माणसाला हे जड जाते, मग पोराची काय कथा.

आमच्या वडिलांच्या काळात एका घरी ह्यावरून फार वाढले. पोराचे एक वर्ष पाळून झाले होते, माळ घालून आठच दिवस झाले होते. आज्याने भर पंगतीत ती ओढून तोडली, मणी अंगणात पसरले. पोरगं रडले नाही, बसून मणी गोळा करत राहिले. दिंडीच्या मंडळींनी आज्याशी भांडण केले नाही. विणेकरी आणि चार टाळकरी दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले, हरिपाठ म्हटला, आज्याच्या पाया पडले आणि एकच गोष्ट विचारली, "बाबा, देवीला दहीभाताचा निवद चालंल का?" पुजाऱ्याला विचारले, तो म्हणाला चालतो की. बोकडाऐवजी कोहळा कापायची रीतही कैक गावांत आहे. म्हणजे देवीचा मान ठेवायचा दुसरा मार्ग होताच, आज्याला तो कोणी सांगितला नव्हता. घराने बोकड सोडला नाही. पण पोराच्या नावाचा निवद वेगळा निघू लागला, आणि सुतात ओवलेली तीच माळ पुन्हा गळ्यात गेली.

ह्या कामात गाडगेबाबांची गोष्ट फार उपयोगी पडली. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू घालायची रीत होती, बाबांनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, बाबा हलले नाहीत. पुढे सारा जन्म यात्रेत पशुहत्या नको म्हणून सांगत फिरले, 1956 साली देह ठेवीपर्यंत. बाबा काही ब्राह्मण-वाण्याच्या घरचे नव्हते, परटाच्या घरचे. त्यामुळे "हे आपल्यातलं न्हाई" असे म्हणणाऱ्याचे तोंड बंद होते.

पण दुसऱ्या बाजूनेही एक चूक होते, ती माळकरी मुलाची. माळ घातली की काही पोरांना वाटते आपण वरच्या पायरीवर गेलो. मग भावाच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचे, बापाला "राक्षस" म्हणायचे. एकदा तळावर एका पोराने बिनमाळकरी हमालाच्या हातचे पाणी नाकारले. मोठ्या महाराजांनी त्याला जवळ बसवून सजन कसायाची कथा सांगितली. ज्याच्या दुकानात देव स्वतः मांस विकू लागला, तो सजन कसाई आपल्या संतमंडळात आहे. तू कोण पाणी नाकारणारा? ऊठ, त्याच्या हातचे पाणी पी. पोरगं उठले आणि प्याले. तेव्हापासून वर्षभर पाळणाऱ्या मुलाला आपण एक जादा नेम सांगतो: आपलं ताट सांभाळायचं, दुसऱ्याच्या ताटात बघायचं नाही. चोखोबांची समाधी महाद्वारात आहे, तिला हात लावून आत जाणाऱ्याने कोणाचा विटाळ मानू नये.

1972 चा दुष्काळ आम्हाला चांगला आठवतो. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो. त्या साली माळकरी पोर आणि बिनमाळकरी पोर ह्यांच्या ताटात फरकच राहिला नव्हता. जनावरे छावणीत नाहीतर मेलेली, कोणाला मटण कुठून मिळणार? आमच्या आईची एक भाकरी चौघांत व्हायची. त्या वर्षी दिंडीत कमी माणसे चालली, पण माळ मागणारी मुले मात्र जास्त होती असे म्हातारे सांगत. ढोरे मरताना पाहिल्यावर होतेच तसे.

त्यानंतरचा मोठा फेर म्हणजे ब्रॉयलर कोंबडी. हे नीट समजून घ्यावे. पूर्वी आपल्या घरात वशाट वर्षाला चार-पाच वेळा व्हायचे. जत्रा, आखाड, एखादा नवस, पाहुणा आला तर घरचा कोंबडा. बाकी सगळे वर्ष चटणी-भाकरी, कोरड्यास, पिठले. म्हणजे माळकरी मुलाला वर्षातून चार-पाच दिवस तोंड द्यायचे, बाकी सगळे घर त्याच्यासारखेच जेवायचे. ऐंशी-नव्वद सालानंतर तिठ्यावर चिकनची दुकाने झाली आणि दर रविवारी, काही घरांत बुधवारीही, तेच. आता मुलाला चार दिवस नव्हे, आठवड्याला दोन दिवस वेगळे बसावे लागते. पूर्वीपेक्षा आजचे मूल जास्त कठीण नेम पाळते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे. आमच्या पिढीने मोठेपणा सांगू नये.

शाळेतही हा विषय गेला. 2023 साली सरकारने शाळेच्या खिचडीबरोबर आठवड्याला एक अंडे ठरवले, न खाणाऱ्याला केळे किंवा दुसरे फळ. ह्यावर आपल्या संप्रदायात बरीच बोलाचाली झाली. तेव्हा आमचे मत असे होते की ज्याच्या घरी दूध नाही, डाळ नाही, त्या लेकराच्या तोंडचे अंडे काढू नये, आणि आपल्या लेकराला केळे मिळते की नाही हे शाळेत जाऊन बघावे. वर्गात पोरे चिडवतात, "पालेखाऊ" म्हणतात. तिथे गुरुजींना एक शब्द बोलून ठेवला तर पुरते.

आता आई-बापाची मोठी भीती. पोर वाळेल, रक्त कमी होईल. ही भीती खोटी नाही. नुसता भात आणि बटाटा घालून शाकाहार होत नाही. पूर्वी दिंडीतल्या बायका नव्या माळकऱ्याच्या आईला सांगायच्या की हुलग्याचे माडगे कर, मटकी मोड आणून घाल, भाजीला शेंगदाण्याचा कूट सढळ टाक, तीळ-कारळ्याची चटणी ताटात रोज असू दे, शेवग्याचा पाला, हादग्याची फुले, बाजरीची भाकरी, वर ताकाचा पेला. पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगायच्या, त्याने लोह अंगी लागते हे आता डॉक्टरही सांगतात. डॉक्टर आणखी एक सांगतात, बी-बारा नावाचे जीवनसत्त्व धान्यात-भाजीत नसते, दूध-दह्यात असते. म्हणून माळकरी मुलाचे दूध तोडू नये. आज सगळे दूध डेअरीला जाते आणि घरात काळा चहा, हे आम्ही कित्येक घरांत पाहतो. पोर सारखे दमत असेल तर रक्त तपासून घ्यावे, गोळी सांगितली तर द्यावी. गोळीने माळ बाटत नाही.

मुलींचे मात्र वेगळेच. मुलगी माळ घालते तेव्हा माहेर कौतुक करते. लग्न ठरताना हा शब्द कोणी काढत नाही, स्थळ हातचे जाईल म्हणून. मग सासरी पहिल्याच आखाडात तिला मटण शिजवायला आणि खायला लावतात. आपल्या दिंडीतल्या एका माऊलीची माळ अशी पस्तीस वर्षे पेटीत होती. रोज स्वयंपाक करायची, सगळ्यांना वाढायची, आणि स्वतः कालवण संपल्यासारखे दाखवून चटणीशी भाकरी खायची. माळ गळ्यात नव्हती, पण एक घास तिने खाल्ला नाही, आणि हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हते. तो गेल्यावर ती तुळस डोक्यावर घेऊन वारीला आली, जुनीच माळ घेऊन. नवी घ्या म्हटले तर म्हणाली, "हीच माझ्या संगं ऱ्हायली."

तिचे ऐकल्यापासून दिंडीने ठरवले की माळकरी मुलीची सुपारी फुटायच्या आधी दिंडीतले दोघे जण बैठकीला बसतील आणि माळेचा शब्द उघड बोलतील. शिजवायचे की नाही ते तिने ठरवावे, खायला लावायचे नाही, एवढा शब्द घ्यायचा. दोन स्थळे ह्याच्यावरून मोडली. बाकी जमली, आणि त्यातल्या एका घरी आता जावईच माळकरी झाला आहे.

यंदा आषाढीपासून सात लेकरे वर्षाचे पाळत आहेत, चार मुली आणि तीन मुलगे. त्यातल्या पाच घरांत दुसरे कोणी माळकरी नाही. तवे आणि पातेली लोहाराकडे सांगून ठेवली आहेत, वर्गणी ज्यांची राहिली असेल त्यांनी कार्तिकीच्या आत विणेकऱ्यांकडे जमा करावी.