कारवीची नोंद ठेवणारे धर्मगुरू

सृष्टीतील प्राण्यांना नावे देण्याचे काम देवाने आदामावर सोपविले. त्याच वृत्तीने स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले येशूसंघीय फादर सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरांवर हिंडले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हे प्राध्यापक एकेक रोप पारखून त्याची नोंद ठेवीत. सात वर्षांनी एकदाच फुलणारी कारवीही त्यांतून सुटली नाही. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० मध्ये मुंबईतच त्यांनी देह ठेवला. आम्हांस वाटते, मिस्सानंतर मुलांना घेऊन कुटुंबांनी पायवाटेने जावे, झाडे व पाखरे ओळखावीत. ज्या देणगीचे नावही ठाऊक नाही, तिच्याबद्दल देवाचे आभार कसे मानावेत?